डिझेल प्यालेली नळी

(लोणखेड्याची एक गल्ली, सकाळ. फाटकासमोर कमरेइतकी खोल चर. चरीत गॅसची नळी जोडणारी रविना पावरा, काठावर बाज टाकून बसलेले घरमालक भाईदासआप्पा.)

भाईदास — परत कापी टाकं? आते तं जोडेल व्हतं.

रविना — कापलं, आप्पा. पुन्हा फोड आले.

भाईदास — कसाना फोड? माणूसले फोड येतस. नळीले काय देवी उन्यात का?

रविना — जरा वाकून बघा. हे तोंड मी आणलेल्या नव्या नळीचं. या विजेच्या तापल्या तव्यावर धरलं की असं गुळगुळीत वितळतं. आणि हे तुमच्या गल्लीतल्या जुन्या नळीचं. तवा तोच, वेळ तेवढाच.

भाईदास — भाकरवर बारीक बारीक फुगा येतस, तसं दिसस.

रविना — फुगे फुटतात आणि खड्डे पडतात. अशी तोंडं एकमेकांवर दाबली तर चिकटल्यासारखी दिसतात. चिकटलेली नसतात.

भाईदास — तुन्हा तवाच गंदा व्हई. मन्ही घरवाली गजरा म्हनस, भाकर बिघडनी तं पीठले बोल लावू नको, पहिले तवा दख.

रविना — तवा पुसला. हात धुतले. ओल असेल म्हणून नळी कोरडी केली, रंधा मारून वरची साल काढली, औषधाच्या फडक्यानं तोंड पुसलं. दर वेळी थोडी मागे कापत आले. जेसीबीनं नळी फोडली ती जागा तिकडे गटारीपाशी. मी कापत कापत तुमच्या फाटकात आले, तरी फोड आहेतच.

भाईदास — त्या जेसीबीवालाले डोया शेत का नही, देव जाने. गटार कोराले उना आन गॅसनी नळी तोडी गया. कालपाइन गल्लीमा गॅस नही. बाया माले इचारतस, आप्पा, गॅस कव्हय येई? जसा काय मीच फुकी ऱ्हायनू नळीमा.

रविना — संध्याकाळपर्यंत देते, असं मीच सांगून बसले सगळ्यांना.

भाईदास — मंग दी टाक ना बेटा. इतलसं तं काम. तू कोठली? तळोदानी का?

रविना — तळोद्याच्या वरची. जीप जाते तिथपर्यंत जीप, पुढे पायी.

भाईदास — अहिरानी येत नही का तुले?

रविना — कळते सगळी. बोलायला गेलं की शाळेतलीच मराठी येते तोंडात. घरी आम्ही पावरी बोलतो.

भाईदास — आन हाई काम कोनी शिकाडं?

रविना — नंदुरबारला शिकले, मग सुरतेकडे काम केलं. माझे वडील, करणसिंग, तिकडेच जायचे मजुरीला. अशाच चरी खणायला. मला नळी जोडायचं काम लागलं तेव्हा ते गावभर सांगत फिरले, आमचा जन्म खड्डे खणण्यात गेला, आणि आमची पोरगी खड्ड्यात उतरते ती साहेबाचं काम करायला.

भाईदास — बापले तितलं तं वाटावच.

रविना — आज गॅस कंपनीचे साहेबच ऐकत नाहीत, आप्पा. सकाळपासून फोन चाललेत. ते म्हणतात, नळीला काही झालेलं नाही, तुझा हात बिघडलाय. खरं सांगू का, मलाही तसंच वाटायला लागलं. मघाशी तुम्ही आत गेलात तेव्हा मी हात समोर धरून बघत होते, थरथरतोय का म्हणून.

भाईदास — थरथरस का?

रविना — नाही. म्हणून तर काही सुचेना. आप्पा, तुमचा ट्रॅक्टर कुठे उभा असतो?

भाईदास — मांगे, खळामा. का बरं?

रविना — इथे डिझेलचा वास आहे. नळीवर रंधा मारला की जास्तच येतो. आधी वाटलं, माझ्या जनरेटरचा असेल. तो बंद केला, तरी येतोय.

भाईदास — तो का. तो वास मन्हाच शे.

रविना — तुमचा म्हणजे?

भाईदास — मी वतेल शे ना. घूससाठे. तुम्हना लोके नळी टाकी गयात आन माटी भुसभुशीत ठी गयात. घूसले आयता रस्ता गावना. नळीना संगे संगे बिळ कोरत चालनी. आते मन्हा वावरमा पपई शे, ठिबकवर. सुरुवातले उंदर आन खारी बठ्ठ्या नळ्या कुरतडी टाकेत. पानी कोठे आन पपई कोठे. मंग मी ट्रॅक्टरनं जयेल ऑइल लिधं, त्यामा डिझेल टाकं, नळीले चोपडं, बिळमा वतं. तव्हयपाइन नळीले एक दात लागना नही. मंग मी म्हनं, घरनी गॅसनी नळी काय परकी शे का? तिले बी जपानं.

रविना — कधीपासून ओतताय?

भाईदास — नळी पडनी तव्हयपाइन. तीन पावसाळा व्हयनात. पहार मारीसन बिळ मोकळं करानं आन निवांत वतानं, पार खाल नळीलगून जावाले पाहिजे. या फाटकपाइन त्या भितलगून. तुले सांगस, आख्खा लोणखेडामा इतली जपेल नळी गावाव नही. काय व्हयनं? तोंड का पाडं?

रविना — मला आधी बरं वाटलं, आप्पा. खोटं कशाला बोलू. माझा हात चुकला नाही, म्हणून बरं वाटलं.

भाईदास — आन मंग?

रविना — मग भीती वाटली. ही नळी प्लास्टिकची आहे. पाणी हिच्या अंगात शिरत नाही, पण डिझेल शिरतं. पेट्रोल, घासलेट, तेही शिरतं. वरून बघाल तर पिवळीधमक, कोरडी. आतून ती डिझेल प्यालेली आहे. तव्यावर धरली की ते आतलं डिझेल उकळतं. हे फोड त्याचेच.

भाईदास — मंग पुशी टाक चांगलं. माले फडकं दे, मी पुसस.

रविना — लोणच्याची कैरी बाहेरून पुसली तर आतलं तेल जातं का? मुरलंय ते.

भाईदास — आन मन्ही ठिबकनी नळी? तिले तं कधी काही व्हयनं नही.

रविना — तिच्यातून पाणी जातं. ती सुटली तर पपईला थोडं जास्त पाणी मिळेल, एवढंच.

भाईदास — जीभ धारदार शे तुन्ही. बरं, आते एक सांग. समज, असंच जोडी दिधं. आज फुटी का?

रविना — आज नाही फुटणार. वाईट तेच आहे. आज हवा भरून बघतील, दाबाचा काटा जागचा हलणार नाही. साहेब म्हणतील, बघ, उगाच घाबरलीस. चर बुजेल. वरून गाड्या जातील, ट्रॅक्टर जाईल. उन्हाळ्यात ही काळी माती तडकते तेव्हा नळी ओढली जाईल, आणि कधीतरी जोड उघडेल. गॅस काही सरळ वर येत नाही, आप्पा. जिथे मोकळी वाट मिळेल तिथून जातो. घुशीची बिळं कुठे जाऊन उघडतात?

भाईदास — घरमा. भितखाल. चुल्हाना आंगे.

रविना — गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो, लोकांना कळावं म्हणून. पण इथे एवढ्या डिझेलमध्ये तो कुणाला कळेल?

भाईदास — कोनले बी कयाव नही. आम्हले तं आते तो वास वासच लागत नही.

रविना — म्हणून मला भीती वाटली.

भाईदास — मंग आते काय करानं म्हनस?

रविना — ही नळी काढून टाकायची. जिथे तोंड स्वच्छ वितळेल तिथपर्यंत खणत जायचं, ही प्यालेली माती उचलायची आणि नवी नळी टाकायची. तोवर घाईला पेचानं आवळायचा जोड मिळतो, त्याला तवा लागत नाही. नंदुरबारहून मागवावा लागेल. तुमच्या घरापुरतंच असेल तर लवकर होईल.

भाईदास — मन्हा घरपुरतं.

रविना — हो. तुम्हीच ओतलंय ना?

भाईदास — चहा पी ना तू. थंडा व्हई गया. चुल्हावरना शे, गजरानी मुद्दाम तुन्हासाठे करा.

रविना — पिते. आप्पा, तुम्हीच ओतलंय ना फक्त?

भाईदास — मी बठ्ठासले सांगं, आख्खी गल्लीले.

रविना — काय सांगितलं?

भाईदास — वताले. त्यानं असं व्हयनं, आठे मी वतं तं घूस मरनी नही, शेजारना घर गयी. शेजारी उना, म्हने, आप्पा, मन्हा दारले घूस उनी, काय करू? मी म्हनं, मन्ही नळी दख, एक दात नही, तू बी वत. त्यानं वतं. घूस आखो पुढे गयी. मंग तो उना, मंग त्यान्हा पलीकडला उना. ज्यान्हाकडे ट्रॅक्टर नही त्याले मी मन्हा घरना कॅन भरीसन दिधा. पार त्या टोकलगून. फुलवंताबाईना घरलगून.

रविना — फुलवंताबाई म्हणजे निळ्या दरवाजाचं घर? कॉलेजच्या पोरांना डबे देतात त्या?

भाईदास — हां. उखानी बायको. उखा गया दोन वरीस व्हयनात. तव्हयपाइन डबावर घर चालाडस बिचारी. तिले बी मीच सांगं, फुलवंता, धूरमा मरू नको, गॅस ली ले.

रविना — त्यांचं कनेक्शन मी दिलं. मागच्या आठवड्यात.

भाईदास — मंग?

रविना — चालू नळीवर फाटा काढायचा तर तवा वापरत नाहीत. नळीवर एक खोगीर बसवतात, त्याच्या पोटात तार असते. वीज दिली की आतल्या आत वितळून ते नळीला धरतं. आत काय झालं ते डोळ्यांना दिसत नाही. तेव्हाही हा वास आला होता मला. मी म्हटलं, जनरेटरचा. काटा हलला नाही, मी चर बुजवली. त्यांनी मला बसवून जेवायला घातलं, शेवभाजी होती. जेवले आणि आले.

भाईदास — त्या जोडमा आते गॅस शे का?

रविना — आत्ता नाही. आत्ता चौकात नळी शिकंज्यात आवळून सगळ्या गल्लीचा गॅस अडवलाय. शिकंजा सोडला की जाईल.

भाईदास — मंग असं कर ना. तिना जोड नवा करी टाक. हाऊ मन्हा बी कर, त्या पेचना. आन गल्लीमा सांग, जेसीबीना धक्का लागना म्हनीसन बदली ऱ्हायनू. झालं. सापबी मरी आन लाठीबी तुटाव नही.

रविना — नवा जोड तरी कशावर बसवू? त्याच नळीवर ना? सगळी गल्ली उकरावी लागेल, आप्पा. साहेब त्याला तयार नाहीत. कारण विचारतात. कारण नसेल तर मग हात माझाच वाईट.

भाईदास — तू सांग ना त्यासले, वास येस म्हनीसन.

रविना — सांगितलं. ते म्हणाले, ट्रॅक्टरवाल्यांचं गाव, डिझेलचा वास येईल नाही तर काय मोगऱ्याचा येईल? ज्यांनी ओतलंय त्यांनी सांगितलं, इथून तिथपर्यंत ओतलंय म्हणून, तर त्यांना खणावंच लागेल. माझ्या सांगण्यानं नाही खणणार.

भाईदास — म्हंजे मी सांगानं.

रविना — हो.

भाईदास — तू लहान शे बेटा, तुले समजाव नही. आते मन्हाजोडे काय ऱ्हायनं शे? वावर पोऱ्या दखस, कुंदन. तो माले इचारत नही, मोबाइलले इचारस. घरमा सून शे, चेतना, ती चांगली शे, पन तिना कारभार तिना. पन हाई गल्ली माले इचारस. सकायमा दार उघाडं की कोनी ना कोनी ओटावर बसेल ऱ्हास. आप्पा, बियानं कोनतं लिऊ? आप्पा, पोरले कोनता कॉलेजमा टाकू? आप्पा, सोयरीक उनी शे, दखाले चलतस का? तितलं एक मन्हाजोडे शे. आन तू म्हनस, दारदार जाईसन सांग, मी तुम्हना घरखाल जहर वताडं.

रविना — मी जहर म्हटलं नाही.

भाईदास — मी म्हनी ऱ्हायनू.

रविना — तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलंत.

भाईदास — घूस काय इचारस का, चांगलासाठे वतं का वाईटसाठे? आन गॅस इचारी का?

रविना — थांबा, फोन आहे. हॅलो, हो साहेब. नाही, अजून जोडलेलं नाही. पुसलं साहेब, सगळं केलं. हात नाही, नळीनं डिझेल प्यालंय. हो, माझी खात्री आहे. ते कोणी ओतलं ते मी कशी सांगू? नाही, हवा भरून बघण्यात अर्थ नाही, हवा धरेल ते. मी नाही जोडणार साहेब. शिकंजाही नाही सोडणार. कोण, इंद्रसिंग? येऊ द्या. नाही, उलट बोलत नाही मी. बरं. ठेवते.

भाईदास — काय म्हनेत?

रविना — दुपारी इंद्रसिंगला पाठवतात. तो जोडून देईल. पोरगा वाईट नाही, माझ्याबरोबरच शिकलाय. पण काटा हलला नाही की त्याचं काम झालं.

भाईदास — आन तुन्हं?

रविना — सामान गाडीत ठेव आणि घरी जा म्हणाले. बोलावलं तर ये.

भाईदास — मन्हं नाव का नही सांगं? मी आठे तुन्हा समोर बसेल शे.

रविना — मी नाव घेतलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तर माझं कोण ऐकणार? आणि सकाळपासून तुम्ही मला सावलीत बसवताय, चहा देताय. माझ्या तोंडातून निघेना ते.

भाईदास — मंग आते घर जाशी का?

रविना — इंद्रसिंग येईपर्यंत इथेच बसते. त्यालाही सांगून बघते. आमच्याकडे शेतातला काडीकचरा जाळला, तर ज्यानं पेटवला त्यानं राख होईपर्यंत तिथून उठायचं नाही. माझी आई, रूपलीबाई, त्या बाबतीत फार कडक. मी तिला म्हटलं, आई, माझ्या नळीत आग नसते, नुसता गॅस असतो. ती म्हणाली, मग तर तुला जास्त वेळ बसावं लागेल.

भाईदास — हुशार शे तुन्ही माय.

रविना — शाळेचं तोंड पाहिलेलं नाही तिनं.

भाईदास — कोनी तरी येस शे. उगी ऱ्हाय जराशी. फुलवंताबाई शे.

फुलवंताबाई — आप्पा, दखा तरी, कितला खोल खड्डा करी ठेया तुम्हना दारमा. बेटा, तू बी आठेच का? काय वं माय, गॅस कव्हय येई? कालपाइन पोरेसना डबा चुल्हावर करी ऱ्हायनू. डोयासना पार भुगा व्हई गया.

भाईदास — येई, येई. तिनं मशीन जरासं बिघडेल शे.

फुलवंताबाई — मशीन व्हय का? मंग पोर अशी का बसेल शे, तोंड एवढंसं करीसन? कोनी काही बोलनं का तुले?

रविना — नाही काकू. आप्पा सांगतील तुम्हाला.

फुलवंताबाई — आप्पा, तुम्ही मन्ही कडनी काळजी करू नका. मन्ही नळी बरोबर जपेल शे. तुन्ही माटी कोरी ना बेटा, ती भुसभुशीत माटी दखीसन परत घूस उनी व्हती. ऑइल तं सरी गयं व्हतं. मंग माले आप्पासनं बोलनं याद उनं, पेट्रोल ऑइलपेक्षा चांगलं, बिळमा थेंब बी गया तं घूस परत फिरत नही. वसरीमा मन्हा मालकनी मोटरसायकल उभी शे ना, त्या गयात तव्हयपाइन. टाकीमा पेट्रोल तसंच व्हतं. त्यासनंच भरेल. कोनी कोनी मांगं माले, मी दिधं नही. काढानी इच्छा व्हये ना. मंग म्हनं, आप्पा सांगतस तं घरना कामले येऊ दे. बारीक नळी लाईसन बठ्ठं काढी लिधं आन वती दिधं.

भाईदास — कोठे वतं?

फुलवंताबाई — कोठे म्हंजे? नवी नळी घरमा शिरस तठे. चुल्हाना मांगे, भितले लागीसन.

रविना — काकू, तिथे आत्ता वास येतो का?

फुलवंताबाई — येस ना. सकायमा कनिक मयाले बसस तव्हय चांगला येस. त्या गाडी चालू करेत ना कामवर जाताना, तव्हय अंगनमा वास ये, तसाच. माले बरं वाटस. का बरं? आप्पा, काय व्हयनं? तुम्हले घाम उना शे.

भाईदास — फुलवंता, बस. आठे बाजवर बस.

फुलवंताबाई — बसाले टाइम नही आप्पा, भाजी चुल्हावर शे.

भाईदास — जळू दे भाजी. बस.

फुलवंताबाई — बसनू. सांगा.

भाईदास — मी तुले चुकीचं सांगं. ऑइल वत म्हनं, ते चुकीचं. पेट्रोल वत म्हनं, ते त्याहून चुकीचं. घूस गयी का नही माले म्हाईत नही. पन ते ऑइल, ते पेट्रोल, बठ्ठं नळीना पोटमा गयं. वरतून नळी चांगली दिसस, आन आतून गयेल शे. आते तिले जोड धरत नही. हाई पोर सकायपाइन जोडी ऱ्हायनी, धरत नही. आन तुन्हा भितले जो जोड शे, तो बी असाच. तो आज ना उद्या सुटी. सुटना तं गॅस तुन्हा चुल्हाना मांगे येई. तुले पेट्रोलना वास येई, तू म्हनशी, त्यासनी गाडी.

फुलवंताबाई — असं नका बोलू आप्पा.

भाईदास — बोलनंच पडी. मी बोलनू नही तं दुपारले दुसरा पोऱ्या येई, जोडीसन जाई, आन आपीन बठ्ठा गॅस उना म्हनीसन चहा पिसूत.

फुलवंताबाई — मंग गॅस येवाव नही?

रविना — काही दिवस नाही येणार काकू. सगळी नळी काढून नवी टाकावी लागेल. तुमचा तो जोड मीच केलाय. वास मलाही आला होता. मी नीट विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मी विचारलं नाही.

फुलवंताबाई — आन मन्हा डबा? पोरेसनी परीक्षा शे.

भाईदास — मन्हा खळामा चुल्हा शे, लाकडं शेत, गजरा शे तुन्हा हाताखाल. तठे कर. आते चुल्हा इझाडी टाक, भाजी बी तठेच उचली आन. त्या खोलीमा काडी पेटाडू नको. पेट्रोल सुकेलगून दारखिडकी उघडी ठी. रविना बेटा, तुन्हा साहेबले फोन लाव.

रविना — नक्की, आप्पा?

भाईदास — लाव, मन्हा धीर शे तवर. हां, हॅलो. साहेब, मी भाईदास बोली ऱ्हायनू, लोणखेडाथून. नही, नही, तक्रार नही. जरा आयका. ते डिझेल मी वतं. हां, मीच. नळी पडनी तव्हयपाइन वती ऱ्हायनू. मन्हा दारपाइन त्या शेवटना घरलगून. एकलानं नही, बठ्ठासनी वतं, पन मी सांगं म्हनीसन वतं. पेट्रोल बी शे. ते बी मीच सांगं. कोनले बी इचारा, मन्हंच नाव सांगतीन. नही साहेब, पोरना हात चांगला शे. तिन्हीच धरं हाई. तिले घर धाडू नका. आन त्या दुसरा पोऱ्याले सांगा, जोडाले येऊ नको, खनाले ये. तुम्ही या. तुम्ही येवालगून मी दारदार फिरीसन सांगस. हां. ठेवस.

रविना — काय म्हणाले?

भाईदास — येस म्हनेत. तुले आठेच थांब म्हनेत.

रविना — आप्पा, दारोदार तुम्ही एकटे नका जाऊ. मी येते बरोबर. नळीचं तोंड घेऊन येते, बघून पटेल लोकांना.

भाईदास — तू ये. पन तोंड मन्हंच दखू दे त्यासले पहिले. फुलवंता, बोल, काय बोलानं ते बोल माले.

फुलवंताबाई — काय बोलू? त्यासनं पेट्रोल उगाच गयं मंग.

भाईदास — गयं. मन्हामुये गयं. आते यापुढे तू मन्हं काही आयकत जाऊ नको.

फुलवंताबाई — मंग कोनं आयकू, आप्पा?